इंग्रजी शब्दांच्या जोड्या: आधी नाम पकडा, क्रियापद त्यालाच विचारा

दूध नासतं, भात विटतो, दाणे खवट होतात, पापड सादळतो. हे आपल्याला कुणी शिकवत बसलेलं नसतं. पण कुणी ‘दूध सादळलं’ किंवा ‘पापड विटला’ म्हटलं, तर कान लगेच टवकारतात. व्याकरणात चूक नाही, अर्थही पोचतो, फक्त मराठी तसं बोलत नाही. इंग्रजीतही हेच आहे. तिथे दूध ‘सावर’ होतं, ब्रेड ‘स्टेल’ होतो, लोणी ‘रॅन्सिड’ होतं आणि अंडं ‘रॉटन’ निघतं. ‘स्टेल मिल्क’ किंवा ‘रॅन्सिड ब्रेड’ म्हटलं की इंग्रजी बोलणाऱ्याचे कान तसेच टवकारतात.

शब्दांच्या या ठरलेल्या सोबतीला ‘कॉलोकेशन’ म्हणतात. आपण इथे साधं ‘जोडी’ म्हणू. या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते रोमन लिपीतच लिहा, कारण स्पेलिंगही सोबतच पाठ व्हायला हवं.

जोडीमागे दरवेळी तर्क सापडत नाही. मराठीत साडी नेसतात, गजरा माळतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, चष्मा लावतात आणि सदरा घालतात. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद पुरतं: ‘वेअर’. ‘वेअर अ सारी’, ‘वेअर ग्लासेस’, इतकंच काय, अत्तरालाही ‘वेअर परफ्यूम’. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला सहा क्रियापदं पाठ करावी लागतात, तिथे आपलं एकावर भागतं. उलट जिथे आपण एकाच ‘घेणे’वर सगळं भागवतो, तिथे इंग्रजी दहा क्रियापदं पुढे करते. बहुतेक चुका या दुसऱ्या ठिकाणी होतात.

पहिली पायरी: मराठी क्रियापद बाजूला ठेवा

वाक्य मनात मराठीत तयार होतं आणि आपण पहिल्यांदा क्रियापदाचं भाषांतर करतो. घेणे म्हणजे ‘टेक’, देणे म्हणजे ‘गिव्ह’, करणे म्हणजे ‘डू’. फसगत इथेच होते. जोडीत बळ नामाचं असतं आणि क्रियापद नाम ठरवतं. म्हणून आधी इंग्रजी नाम ठरवा आणि मग त्या नामासोबत कोणतं क्रियापद चालतं ते शोधा.

‘घेणे’ तपासून पाहा. काळजी घेणे ‘टेक केअर’, श्वास घेणे ‘टेक अ ब्रेथ’, पुढाकार घेणे ‘टेक द इनिशिएटिव्ह’, शपथ घेणे ‘टेक ॲन ओथ’, जोखीम घेणे ‘टेक अ रिस्क’. इथपर्यंत मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात आणि त्यामुळेच भरवसा वाढतो. पण सभा घेणे म्हणजे ‘होल्ड अ मीटिंग’. धडा घेणे म्हणजे ‘लर्न अ लेसन’. आक्षेप घेणे म्हणजे ‘रेझ ॲन ऑब्जेक्शन’. उमेदवाराची मुलाखत घेणे म्हणजे ‘कंडक्ट ॲन इंटरव्ह्यू’, किंवा सरळ ‘इंटरव्ह्यू’ हेच क्रियापद. बँकेतून कर्ज घेणे ‘टेक आउट अ लोन’, यातला ‘आउट’ गाळू नये. आणि शोध घेणे म्हणजे ‘सर्च फॉर’, तिथे ‘टेक’चा संबंधच नाही.

‘लागणे’ तर याहून अवघड. भूक लागली ‘आय ॲम हंग्री’, झोप लागली ‘आय फेल अस्लीप’, वेळ लागला ‘इट टुक टाइम’, आग लागली ‘अ फायर ब्रोक आउट’ किंवा ‘द हाउस कॉट फायर’, नोकरी लागली ‘शी गॉट अ जॉब’, लॉटरी लागली ‘ही वन द लॉटरी’, ठेच लागली ‘आय स्टब्ड माय टो’. एका मराठी क्रियापदाला सात उत्तरं. म्हणून ‘लागणे म्हणजे काय?’ असा प्रश्न स्वतःला कधीच विचारू नका. ‘फायर’सोबत काय येतं, ‘टाइम’सोबत काय येतं, असं विचारा.

करणे: डू की मेक की तिसरंच काही

ढोबळ नियम असा: काम पार पाडायचं असेल तर ‘डू’, काही नवं निर्माण होत असेल तर ‘मेक’. त्यानुसार ‘डू होमवर्क’, ‘डू द डिशेस’, ‘डू रिसर्च’, ‘डू बिझनेस’. आणि ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ प्रॉमिस’, ‘मेक प्रोग्रेस’, ‘मेक अ नॉइज’, ‘मेक अ सजेशन’, ‘मेक अ फोन कॉल’. हा नियम सुरुवातीला हाताशी असू द्या, पण त्यावर विसंबू नका. नुकसान ही निर्माण झालेली गोष्ट मानली, तरी इंग्रजी ‘डू डॅमेज’ आणि ‘डू हार्म’ म्हणते. अंथरूण आवरताना नवं काहीच तयार होत नाही, तरी ते ‘मेक द बेड’. एखाद्यासाठी काम केलं तर ‘डू अ फेव्हर’, पण त्याच्यासाठी नियम वाकवला तर ‘मेक ॲन एक्सेप्शन’.

शिवाय मराठी ‘करणे’ या दोन्हींच्या बाहेरही जातं. नाश्ता करणे ‘हॅव ब्रेकफास्ट’, आंघोळ करणे ब्रिटिशांत ‘हॅव अ बाथ’ आणि अमेरिकेत ‘टेक अ बाथ’, गुन्हा करणे ‘कमिट अ क्राइम’, कौतुक करणे ‘पे अ कॉम्प्लिमेंट’. ‘कमिट’ गुन्ह्यांसाठी ठेवा. आपल्याकडे ‘कमिट अ मिस्टेक’ सर्रास लिहिलं जातं, पण साध्या चुकीला ‘मेक’च शोभतं. ‘कमिट’ने हिशेबातली बेरजेची चूक गुन्ह्याच्या रांगेत जाऊन बसते.

विशेषणं: ‘कडक’चा धडा

कडक चहा म्हणजे ‘स्ट्राँग टी’. ‘पॉवरफुल टी’ का नाही? पॉवरफुलचा अर्थही तोच, शब्दकोशात दोन्ही शेजारी सापडतात. तरी चहा ‘स्ट्राँग’ आणि इंजिन ‘पॉवरफुल’. आता हाच ‘कडक’ पुढे नेऊन पाहा. कडक शिक्षक ‘स्ट्रिक्ट टीचर’, कडक उपास ‘स्ट्रिक्ट फास्ट’, कडक ऊन ‘स्कॉर्चिंग सन’, कडक बंदोबस्त ‘टाइट सिक्युरिटी’, कडक झालेला पाव ‘हार्ड’. कडक शब्दांत सुनावलं तर ‘हार्श वर्ड्स’. इथे एक सापळा आहे. ‘स्ट्राँग लँग्वेज’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला बहुधा शिवीगाळ आठवेल. पत्रातली भाषा कडक होती इतकंच सांगायचं असेल, तर ‘अ स्ट्राँगली वर्डेड लेटर’ म्हणा.

हवामानाच्या जोड्या एका बैठकीत करून टाका, त्या रोज लागतात. जोराचा पाऊस ‘हेवी रेन’, पण जोराचा वारा ‘स्ट्राँग विंड’. दाट धुकं ‘थिक फॉग’ किंवा ‘डेन्स फॉग’, लख्ख ऊन ‘ब्राइट सनशाइन’, कडाक्याची थंडी ‘बिटर कोल्ड’, भुरभुर पाऊस ‘लाइट रेन’. ‘हेवी’ची सोबत लांबपर्यंत जाते: ‘हेवी ट्रॅफिक’, ‘हेवी लॉसेस’, ‘हेवी फाइन’, ‘हेवी स्मोकर’. पण ताप मात्र ‘हेवी’ नसतो, तो ‘हाय फीव्हर’.

‘मोठा’ या शब्दासाठी एवढं लक्षात ठेवा: संख्या आणि प्रमाण असेल तर ‘लार्ज’, जसं ‘अ लार्ज नंबर’, ‘अ लार्ज अमाउंट’. भावना आणि गुण असतील तर ‘ग्रेट’, जसं ‘ग्रेट डिफिकल्टी’, ‘ग्रेट इंटरेस्ट’. बोलताना चूक, फरक किंवा अडचण यांच्यासोबत ‘बिग’ चालतं: ‘अ बिग मिस्टेक’, ‘अ बिग डिफरन्स’.

‘खूप’ला सरसकट ‘व्हेरी’ लावणं ही चूक नाही, पण लिखाण त्याने सपाट होतं. ‘डीपली ग्रेटफुल’, ‘बिटरली डिसअपॉइंटेड’, ‘हायली लाइकली’, ‘सीरियसली इल’, ‘फुली अवेअर’, ‘स्ट्राँगली रेकमेंड’ या सहा जोड्यांवर ऑफिसचा पुष्कळ पत्रव्यवहार निभतो. अदलाबदल मात्र करू नका. ‘हायली’ शक्यता, शिक्षण आणि शिफारस यांच्याजवळ रमतं. ‘हायली सॉरी’ कुणी म्हणत नाही.

जोडीला भावनेचा रंगही असतो. मराठीत ‘कारणीभूत’ शब्द अपघाताला, भांडणाला, अपयशाला शोभतो. ‘त्याच्या यशाला वडील कारणीभूत आहेत’ हे वाक्य कानाला खटकतं, कारण त्या शब्दाला आरोपाचा वास आहे. इंग्रजी ‘कॉझ’ अगदी असाच आहे. ‘कॉझ डॅमेज’, ‘कॉझ प्रॉब्लेम्स’, ‘कॉझ डिले’. आनंदासाठी ‘ब्रिंग हॅपिनेस’ घ्या. नवा शब्द शिकताना तो चांगल्याच्या शेजारी बसतो की वाइटाच्या, हे एकदा पाहून ठेवा.

दुसरी पायरी: एका नामाचं एक पान

वहीत डाव्या बाजूला शब्द आणि उजवीकडे अर्थ ही पद्धत जोड्यांसाठी निकामी आहे. त्याऐवजी रोज लागणारी चाळीस-पन्नास नामं निवडा आणि प्रत्येकाला अख्खं पान द्या. पानाचे चार भाग करा: नामाआधी येणारी क्रियापदं, विशेषणं, नाम कर्ता असताना येणारी क्रियापदं, आणि मागेपुढे येणारी शब्दयोगी अव्ययं म्हणजे प्रिपोझिशन्स.

‘डिसिजन’चं पान असं भरेल. घेण्यासाठी ‘मेक अ डिसिजन’. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक अ डिसिजन’ही चालतं. बराच खल करून निर्णयापर्यंत पोचलात तर ‘रीच अ डिसिजन’ किंवा ‘कम टू अ डिसिजन’. पुढे ढकलला तर ‘पोस्टपोन’, फिरवला तर ‘रिव्हर्स’, वरच्या कोर्टाने फिरवला तर ‘ओव्हरटर्न’, ठाम राहिलात तर ‘स्टँड बाय’, पस्तावलात तर ‘रिग्रेट’. विशेषणांत अवघड निर्णय ‘टफ’, घाईचा ‘हेस्टी’, एकमताचा ‘युनॅनिमस’, माहिती घेऊन केलेला ‘इन्फॉर्म्ड’. कर्ता असताना ‘द डिसिजन रेस्ट्स विथ द कमिटी’, म्हणजे निर्णय समितीच्या हाती आहे. प्रिपोझिशन ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’. एवढं एक पान भरलं की निर्णयाबद्दल जे काही सांगायचं असतं, ते जवळजवळ सगळं सांगता येतं. पन्नास सुटे अवघड शब्द पाठ केल्याने हे साधत नाही.

पान भरायला माल कुठून आणायचा? दीडशे शब्दांचा एक परिच्छेद घ्या, बातमीचा किंवा कामाच्या विषयाचा. त्यातल्या नामांखाली रेघ मारा आणि प्रत्येक नामाच्या डावीकडे काय आहे ते पाहा. मग स्वतःला विचारा: हे वाक्य मी मराठीतून केलं असतं, तर हाच शब्द सुचला असता का? सुचला असता तर सोडून द्या. नसता सुचला, तीच जोडी वहीत घ्या. एका परिच्छेदातून तीन-चार जोड्या मिळाल्या तरी भरपूर झालं. आणि रेघ मारताना क्रियापदापासून नामापर्यंत सलग मारा. सुट्या शब्दाखाली मारली तर शब्दच लक्षात राहतो आणि जोडी हातची निसटते.

तिसरी पायरी: पडताळा

पहिला आधार शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी कोशांचा. ऑक्सफर्ड आणि लाँगमन या दोघांचे असे कोश इंटरनेटवर फुकट उघडतात आणि त्यांच्या उदाहरणांत जोड्या दिसतात. ‘ऑक्सफर्ड कॉलोकेशन्स डिक्शनरी’ २००२ साली आली, ती फक्त जोड्यांचाच कोश आहे. पण तो वापरायची रीत पुष्कळांना ठाऊक नसते. ‘आक्षेप घेणे’साठी क्रियापद हवं असेल तर ‘ऑब्जेक्शन’ हे नाम उघडायचं. ‘टेक’ उघडून काही हाती लागणार नाही, कारण तिथे क्रियापदाच्या नोंदीत क्रियाविशेषणं आणि प्रिपोझिशन्स दिलेली असतात.

दुसरा आधार खऱ्या मजकुराच्या साठ्यांचा, म्हणजे कॉर्पसचा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीच्या ‘कोका’ या साठ्यात १९९० ते २०१९ मधले १०० कोटींहून अधिक शब्द आहेत. तिथे नोंदणी करावी लागते. हे जड वाटत असेल तर गूगल एनग्रॅम व्ह्यूअर पुरतो; छापील पुस्तकांत एखादी जोडी वर्षागणिक किती येते, त्याचा आलेख तो काढतो. त्यात दोन जोड्या स्वल्पविराम देऊन टाका, जसं ‘स्ट्राँग टी’ आणि ‘पॉवरफुल टी’. कुठली रेघ वर आहे आणि कुठली तळाशी चिकटली आहे, हे एका नजरेत दिसतं. विशेषणच सुचत नसेल तर त्याच्या जागी चांदणीचं चिन्ह (*) टाका आणि पुढे ‘रेन’ लिहा. तिथे सर्वाधिक येणारे दहा शब्द तो दाखवतो. त्यांत ‘द’ आणि ‘ऑफ’सारखे बिनकामाचे शब्दही येतील, ते वगळा.

साध्या गूगल शोधात जोडी दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर शब्द सुटे-सुटे शोधले जातात. निकालांचा आकडा कुठे दिसला तरी तो अंदाज असतो, त्यावरून कौल लावू नका. पहिली दहा वाक्यं उघडा आणि ती कुणी लिहिली आहेत ते पाहा. सगळी आपल्यासारख्याच शिकणाऱ्यांची असतील, तर ती जोडी संशयास्पद आहे. भाषांतराच्या अ‍ॅपला विचारायचं असेल तर सुटं क्रियापद न देता पूर्ण वाक्य द्या.

जोड्यांचा अभ्यास वाढला त्यात इंग्लंडबाहेर इंग्रजी शिकवलेल्यांचा मोठा वाटा आहे. हॅरल्ड पामर यांनी इंग्रजी जोड्यांवरचा आपला अहवाल १९३३ मध्ये तोक्योतून प्रसिद्ध केला. ‘कॉलोकेशन’ ही संज्ञा भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

प्रिपोझिशन हीदेखील जोडीच

इथे आपली विभक्ती आडवी येते. माझ्यावर रागावला म्हणून ‘अँग्री ऑन मी’. हवं ‘अँग्री विथ मी’. तिच्याशी लग्न म्हणून ‘मॅरिड विथ’. हवं ‘मॅरिड टू’. गणितात हुशार म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. हवं ‘गुड ॲट मॅथ्स’. समस्येवर उपाय म्हणून ‘सोल्यूशन ऑन’. हवं ‘सोल्यूशन टू’. घरांची मागणी म्हणून ‘डिमांड ऑफ’. हवं ‘डिमांड फॉर’. पण परिणाम ‘वर’ होतो तो खरोखरच ‘इफेक्ट ऑन’. काही क्रियापदांना प्रिपोझिशन चालतच नाही: ‘डिस्कस द प्लॅन’, ‘मेन्शन द डेट’, ‘एंटर द रूम’, ‘रीच पुणे’. नाम ‘डिस्कशन’ असेल तेव्हा ‘अबाउट’ येतो; तोच चुकून क्रियापदाला चिकटतो.

एक मेल दुरुस्त करून पाहू

मूळ मजकूर असा: ‘आय पुट लीव्ह ऑन मंडे ॲज आय हॅड हेवी फीव्हर. वी टुक मीटिंग ऑन ट्यूजडे अँड डिस्कस्ड अबाउट द डिले. क्लायंट हॅज अ डाउट. प्लीज गिव्ह सोल्यूशन ऑन धिस. आय विल टेक फॉलोअप.’

पाच वाक्यं, सगळी समजतात, आणि प्रत्येकाखाली मराठी दिसतं. रजा ‘टाकली’ म्हणून ‘पुट’. हवं ‘आय वॉज ऑन लीव्ह’ किंवा ‘आय टुक लीव्ह’. ताप ‘हाय’. मीटिंग ‘हेल्ड’, किंवा सरळ ‘वी हॅड अ मीटिंग’. ‘डिस्कस्ड द डिले’. ‘डाउट’चं जरा जपून: आपल्याकडे शंका म्हणजे प्रश्न, पण बाहेरच्या वाचकाला ‘डाउट’ म्हणजे अविश्वास वाटतो. क्लायंटचा आपल्यावर भरवसा नाही, असा निरोप जाऊ शकतो. ‘द क्लायंट हॅज अ क्वेश्चन’ लिहा. पुढे ‘प्लीज सजेस्ट अ सोल्यूशन टू धिस’. आणि शेवटी ‘आय विल फॉलो अप ऑन इट’, कारण इथे ‘फॉलो अप’ स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘टेक’ची गरज नाही.

स्वतःची मागच्या महिन्यातली पाच मेल अशीच काढा. ‘टेक’, ‘गिव्ह’, ‘डू’, ‘पुट’ आणि ‘अबाउट’ हे पाच शब्द शोधा आणि फक्त त्यांच्याभोवतीच्या जोड्या तपासा. अर्ध्या तासात तुमच्या नेहमीच्या चुकांची यादी हातात येते. ती कुठल्याही छापील यादीपेक्षा उपयोगी आहे.

आपलं इंग्रजी आणि परीक्षेचं इंग्रजी

आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून भारतभर ‘गिव्ह ॲन एक्झाम’ चालतं. इंग्लंड-अमेरिकेत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो, ब्रिटिश तिला ‘सिट’ही म्हणतात, आणि ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. नाशिकच्या ऑफिसात ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटल्याने काही बिघडत नाही आणि त्याची लाज बाळगायचंही कारण नाही. ऐकणारा कोण आहे, एवढं पाहायचं. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि संभाषणाच्या गुणांत शब्दसंपत्ती हा चार समान निकषांपैकी एक आहे, आणि लेखनाच्या सातव्या बँडच्या, म्हणजे गुणांच्या सातव्या पातळीच्या, वर्णनात कॉलोकेशनची जाण स्पष्ट नोंदवलेली आहे. तिथे अवघड शब्द चुकीच्या सोबतीत बसवण्यापेक्षा साधा शब्द बरोबर जोडीत वापरणं फायद्याचं ठरतं.

ठरलेल्या क्रमाच्या जोड्याही असतात. आपण रात्रंदिवस काम करतो, इंग्रज ‘डे अँड नाइट’. आपलं तिखटमीठ, त्यांचं ‘सॉल्ट अँड पेपर’. या पाठच कराव्या लागतात.

उजळणी

दिवसाला पाच जोड्या, जास्त नाही. प्रत्येक जोडी पूर्ण वाक्यात लिहा, आणि वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं असू द्या: तुमची बस, तुमचं ऑफिस, तुमचं बिल. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. उजवी बाजू झाकून मराठीवरून इंग्रजी म्हणा. उलट दिशेने उजळणी केली तर सगळं येतंय असं वाटतं, कारण वाचून ओळखणं सोपं असतं. बोलताना मात्र जोडी जिभेवर येत नाही. त्याच संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी अशा चार फेऱ्या करा. म्हणताना थांबलात तर चूकच धरा, कारण समोरचा माणूस तेवढा थांबत नाही.

एखादी जोडी तिसऱ्या फेरीतही चुकली, तर ती पुन्हा पुन्हा घोकू नका. बहुधा तिच्या आड एखादं मराठी क्रियापद उभं असतं. ते शोधून वाक्याच्या वर लाल शाईने लिहा: ‘इथे घेणे नाही’, ‘इथे करणे नाही’. मग त्या नामाच्या आणखी दोन जोड्या काढून त्याच पानावर टाका आणि पुढच्या फेरीत तिन्ही एकत्र म्हणा.